अणुवीज विकसनशील देशाला परवडते का? हिशेब मुदतीचा आणि जबाबदारीचा

नमस्कार. भारतासारख्या विकसनशील देशाला अणुऊर्जेचा खर्च झेपतो का आणि त्यातला धोका नेमका किती, असे आपण विचारले आहे. आपले आजोळ राजापूर तालुक्यात आहे. थोरले मामा म्हणतात की जैतापूरचा प्रकल्प झाला तर कोकणाला स्वस्त वीज आणि रोजगार मिळेल. धाकटे मामा म्हणतात की अणुवीज ही जगातली सर्वांत महाग आणि घातक वीज आहे. दोघेही आकडे दाखवतात आणि कोणाचे खरे मानावे ते आपल्याला कळत नाही. जनसुनावणीसारखा प्रसंग आला तर काय विचारावे, हेही आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी विद्युत अभियंता आहे. नोकरीची पहिली अकरा वर्षे वीजकेंद्रांच्या बांधकामावर, नियोजन विभागात गेली आणि पुढची वीसेक वर्षे प्रकल्पखर्च आणि वीजखरेदीचे करार तपासण्यात. त्यामुळे माझे उत्तर पैसा, मुदत आणि जबाबदारी यांच्या अंगाने येईल.

आपल्या दोन्ही मामांचे आकडे बहुधा खरेच असतील, फक्त ते वेगवेगळ्या अणुभट्ट्यांचे असतील. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झाल्या. त्यांचे भांडवल केव्हाच फिटले होते, म्हणून कित्येक वर्षे त्यांची वीज युनिटला रुपयाच्या आसपास पडत असे आणि देशातल्या सर्वांत स्वस्त विजेत तिची गणना होत असे. थोरल्या मामांचे म्हणणे अशा भट्टीला लागू पडते. धाकट्या मामांच्या डोळ्यांपुढे बहुधा फ्रान्समधली फ्लामाव्हिलची भट्टी असावी. तिचे काम २००७ मध्ये सुरू झाले, ती २०१२ मध्ये पूर्ण व्हायची होती, आणि प्रत्यक्षात ती वीजजाळ्याला डिसेंबर २०२४ मध्ये जोडली गेली. तिचा खर्च ३.३ अब्ज युरोंवरून १३.२ अब्ज युरोंवर गेला. कर्ज फिटलेले जुने घर आणि हप्ते चालू असलेले नवे घर यांच्या महिन्याच्या खर्चाची तुलना करून ‘घर स्वस्त की महाग’ असा वाद घातला तर तो जसा कधीच मिटणार नाही, तसेच हे आहे. म्हणून मी प्रश्न थोडा बदलून घेतो: आज नवी भट्टी बांधायला घेतली तर तिची वीज कशामुळे महाग होते, आणि काही बिघडले तर भार कोणावर येतो?

पहिल्या भागाचे उत्तर बांधकामाच्या मुदतीत आहे. कोळशाच्या केंद्रात विजेच्या दराचा मोठा हिस्सा इंधनाचा असतो. केंद्र बंद असेल तर कोळसाही जळत नाही, निदान तेवढा पैसा वाचतो. अणुकेंद्रात इंधनाचा वाटा लहान असतो आणि जवळजवळ सगळा पैसा पहिले युनिट विकले जाण्याआधीच खर्च झालेला असतो. त्या पैशावर बांधकामाच्या काळात व्याज चढते आणि ते भांडवलातच मिळवले जाते.

एक सोपा हिशेब मांडतो. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण वास्तवापासून फार दूर नाहीत. ७०० मेगावॅटची भट्टी आहे, बांधकामाचा निव्वळ खर्च १०,००० कोटी रुपये आहे, पैशाची किंमत, म्हणजे व्याज, वर्षाला ९ टक्के आहे, आणि खर्च दरवर्षी सारखा होतो असे धरू. सहा वर्षांत काम झाले तर व्याजासह भांडवल सुमारे १३,१०० कोटी होते. तेच काम सावकाश चालून बारा वर्षे लागली तर ते सुमारे १७,५०० कोटी होते. आणि पैसा सहा वर्षांत खर्च झाला, पण कुठल्यातरी कारणाने भट्टी आणखी सहा वर्षे सुरूच झाली नाही, तर आकडा २२,००० कोटींच्या जवळ जातो. काँक्रीट तेच आणि पोलादही तेच असते. ही भट्टी ८० टक्के क्षमतेने चालली तर वर्षाला सुमारे ४९० कोटी युनिट वीज देते. भांडवल चाळीस वर्षांत फेडायचे धरले तर इंधन आणि देखभाल सोडून युनिटमागे पहिल्या प्रसंगी अडीच रुपये, दुसऱ्या प्रसंगी सव्वातीन रुपयांच्या वर आणि तिसऱ्या प्रसंगी चार रुपयांच्या वर भार पडतो. वेळेत बांधलेली भट्टीसुद्धा ८० ऐवजी ६० टक्केच चालली, तर अडीचचे सव्वातीन होतात. दर घडवणाऱ्या दोनच मोठ्या गोष्टी येथे आहेत: बांधायला किती वर्षे लागली, आणि बांधल्यावर ती किती चालली.

उशिराची किंमत मी एकदा फार जवळून पाहिली आहे. ते अणुकेंद्र नव्हते, कोळशाचे होते, पण गणित तेच. पायाचे आराखडे बदलल्यामुळे पंपघराची इमारत दोन वर्षे मागे पडली होती आणि पंपांच्या मोठाल्या मोटारी मात्र ठरल्या वेळी येऊन शेडमध्ये पडल्या होत्या. मोटार पडून राहिली की शाफ्ट स्वतःच्या वजनाने वाकू लागतो आणि बेअरिंगवर एकाच जागी दाब बसतो. म्हणून एक मदतनीस दर सोमवारी प्रत्येक मोटारीचा शाफ्ट पान्याने पाव वेढा फिरवायचा, टोकाला खडूने नवी खूण करायचा आणि माझ्याकडे येऊन नोंदवहीत सही घ्यायचा. अशा शंभराहून अधिक सह्या मी केल्या. त्या दोन वर्षांत शेडचा खर्च, विम्याचा हप्ता आणि मोटारींसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज चालूच होते. पुरवठादाराची हमी माल पोहोचल्याच्या तारखेपासून मोजली जात होती, त्यामुळे काही मोटारींची हमी त्या एकदाही न चालता संपली. अणुकेंद्रात अशा वस्तूंची संख्या कितीतरी मोठी असते आणि प्रत्येकीमागे गुणवत्तेच्या कागदांचा गठ्ठा असतो. तेथे एका जोडणीचे वेल्डिंग पुन्हा करायचे ठरले की मागची सगळी साखळी थांबते.

आपल्या देशाच्या अनुभवात दोन्ही बाजू सापडतात. तमिळनाडूतल्या कुडनकुलमच्या पहिल्या दोन भट्ट्यांचा करार १९८८ मध्ये सोव्हिएत संघाशी झाला, बांधकाम २००२ मध्ये सुरू झाले आणि ते २००७ च्या सुमारास पूर्ण व्हायचे होते. पहिली भट्टी व्यापारी तत्त्वावर ३१ डिसेंबर २०१४ रोजी चालू झाली, दुसरी ३१ मार्च २०१७ रोजी. मंजूर खर्च १३,१७१ कोटी होता, तो २२,४६२ कोटींवर गेला. तमिळनाडूतल्याच कल्पक्कमच्या ५०० मेगावॅटच्या शीघ्र प्रजनक भट्टीचे (चालता चालता नवे इंधन तयार करणाऱ्या भट्टीचे) काम २००४ मध्ये सुरू झाले, ती २०१० मध्ये व्हायची होती. तिचा गाभा, म्हणजे इंधन ठेवण्याचा मधला भाग, भरायला २०२४ च्या मार्चमध्ये सुरुवात झाली. गुजरातमधल्या काक्रापारची ७०० मेगावॅटची पहिली भट्टी २०१० च्या अखेरीस सुरू झालेल्या कामातून २०२३ च्या जूनमध्ये व्यापारी उत्पादनाला आली. नव्या आरेखनाची पहिली भट्टी उशिरा होते, हा जगभरचा अनुभव येथेही आला.

याच्या उलट उदाहरण पालघर जिल्ह्यातच आहे. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या, ५४० मेगावॅटच्या भट्ट्यांचे पहिले काँक्रीट २००० च्या मार्चमध्ये पडले आणि चौथ्या भट्टीत साखळी प्रक्रिया (एकापाठोपाठ अणू फुटत जाणे) पाच वर्षांत, २००५ च्या मार्चमध्ये सुरू झाली. देशी आरेखन, आधीच्या लहान भट्ट्यांवर हात बसलेले अभियंते आणि ठेकेदार, आणि परिचित जागा, या गोष्टी एकत्र आल्या की विकसनशील देशही मुदत पाळतो. कर्नाटकातल्या कैगाच्या पहिल्या भट्टीने २०१८ मध्ये सलग ९६२ दिवस न थांबता चालण्याचा विक्रम केला. आपल्या लोकांना भट्टी चालवता येत नाही असे कोणी म्हणत असेल, तर ते मला मान्य नाही, आणि हे मी अभिमानाने लिहितो.

खर्चाच्या बाबतीत मला सर्वांत बोलका वाटतो तो कुडनकुलमचाच क्रम. पहिल्या दोन भट्ट्या पूर्ण झाल्या तेव्हा मेगावॅटला सुमारे ११ कोटी रुपये पडले. त्याच आवारात, तेवढ्याच क्षमतेच्या तिसऱ्या-चौथ्या भट्ट्यांचा मंजूर खर्च ३९,८४९ कोटी आहे, म्हणजे मेगावॅटला जवळपास २० कोटी. पाचव्या-सहाव्यांचा ४९,६२१ कोटी, म्हणजे पावणेपंचवीस कोटींच्या आसपास. यात महागाई आहे, रुपयाची घसरण आहे, वाढीव सुरक्षाव्यवस्था आहे. तरीही जोडी वाढत गेली की खर्च उतरतो, ही अपेक्षा येथे फळली नाही. दुसरीकडे २०१७ मध्ये केंद्र सरकारने ७०० मेगावॅटच्या दहा देशी भट्ट्यांना एकगठ्ठा मंजुरी दिली, ती सुमारे १,०५,००० कोटींची, म्हणजे मेगावॅटला १५ कोटी. फ्लामाव्हिलच्या एका भट्टीचे १३.२ अब्ज युरो नव्वद रुपयांच्या भावाने मोजले तर तेही एक लाख कोटींच्या वर जातात. त्या एका भट्टीच्या पैशात आपल्या दहा भट्ट्यांची मंजुरी बसते. भारतातले मजुरीचे दर वेगळे असल्यामुळे फ्रान्सचा आकडा जसाच्या तसा कोकणात लावणे बरोबर होणार नाही, पण जैतापूरला प्रस्तावित आहे ते आरेखन हेच आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता ‘विकसनशील’ या शब्दाकडे येतो, कारण श्रीमंत देशाला जी चूक पचते ती आपल्याला पचेलच असे नाही. फिलिपाइन्सने १९७० च्या दशकात मार्कोस यांच्या राजवटीत बाटान येथे अमेरिकी बनावटीची एक भट्टी बांधायला घेतली. खर्च २ अब्ज डॉलरांच्या वर गेला. १९८६ मध्ये राजवट बदलली, त्याच वर्षी एप्रिलमध्ये सोव्हिएत संघात चेर्नोबिलचा अणुअपघात घडला, आणि तयार झालेली भट्टी कधीच सुरू केली गेली नाही. तिचे कर्ज मात्र २००७ पर्यंत फेडले गेले. एक युनिटही न मिळालेल्या विजेचे हप्ते एका पिढीने भरले. अलीकडचे उदाहरण शेजारचे आहे: बांगलादेशातील रूपपूरच्या दोन भट्ट्यांचा करार १२.६५ अब्ज डॉलरांचा आहे आणि त्याचा ९० टक्के पैसा रशियाच्या कर्जातून येतो. २०२२ मध्ये रशियावर निर्बंध आल्यावर त्या कर्जाची परतफेड कोणत्या चलनात आणि कोणत्या मार्गाने करायची, हाच एक स्वतंत्र प्रश्न होऊन बसला. जो देश भट्टी, इंधन आणि कर्ज या तिन्ही गोष्टी एकाच घराकडून घेतो, त्याच्या विजेची दोरी त्या घराच्या परराष्ट्र धोरणाला बांधली जाते.

भारताने हे तारापूरला भोगले आहे. त्या दोन भट्ट्या अमेरिकी कंपनीने उभारल्या होत्या आणि त्यांना समृद्ध (फुटणाऱ्या अणूंचे प्रमाण वाढवलेले) युरेनियम लागत असे, तेही अमेरिकेकडून. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर पुरवठ्यात अडथळे सुरू झाले, १९७८ च्या अमेरिकी कायद्यानंतर ते वाढले, आणि अखेर १९८२ मध्ये फ्रान्सकडून इंधन घेण्याची व्यवस्था करावी लागली. देशी भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात म्हणून त्या सुरक्षित असाव्यात असे वाटेल, पण देशातल्या खाणींमधून पुरेसे युरेनियम न निघाल्यामुळे २००७ ते २००९ या काळात आपल्या भट्ट्या निम्म्या क्षमतेच्या आसपास चालल्या. इंधन स्वस्त असते, पण ते नसेल तर हजारो कोटींचे भांडवल नुसते बसून राहते. वर मांडलेल्या हिशेबात ८० चे ६० होणे म्हणजे काय, ते येथे दिसते. २००८ च्या सप्टेंबरमध्ये अणुपुरवठादार गटाने, म्हणजे अणुसाहित्य विकणाऱ्या देशांच्या गटाने, सवलत दिल्यावर आयात सुरू झाली आणि केंद्रे सावरली.

थोडक्यात येथवरचे सांगायचे तर, परिचित देशी आरेखन, एकामागून एक बांधलेल्या सारख्या भट्ट्या, आणि इंधनाचे एकाहून अधिक मार्ग असतील तर अणुवीज आपल्याला परवडू शकते. पहिलेच परदेशी आरेखन, परकीय चलनातले मोठे कर्ज आणि मुदतीची खात्री नसलेला करार असेल तर तिचा भार ग्राहकावर किंवा करदात्यावर येतो. सौरऊर्जेशी तुलनाही येथेच करावी लागते. दिवसाची सौरवीज लिलावात अडीच रुपयांच्या आसपास मिळते आणि सौरप्रकल्प वर्षा-दोन वर्षांत उभा राहतो, म्हणजे व्याजाचा प्रश्नच लहान होतो. पण रात्रीचे आणि श्रावणातल्या ढगाळ आठवड्यांचे काय, याचे उत्तर साठवणुकीसह द्यावे लागते, आणि साठवणुकीची खरी किंमत ती किती तासांची हवी यावर ठरते. मी वीजखरेदीचे नियोजन करताना चोवीस तास सारख्या चालणाऱ्या विजेला वेगळे मोल देत आलो आहे. ते मोल किती द्यावे, हे प्रत्येक राज्याच्या मागणीच्या आलेखावर अवलंबून आहे, आणि येथे एकच उत्तर सगळीकडे लावणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आता धोक्याकडे. भारतातल्या सर्वांत गंभीर प्रसंगाची माहिती बहुतेकांना नसते. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनची दोन पाती तुटली. यंत्र हादरले, जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर पडला, आग लागली, आणि आगीत नेहमीच्या विजेच्या केबलबरोबर आणीबाणीच्या विजेच्या केबलही जळाल्या, कारण त्या पुरेशा वेगळ्या ठेवलेल्या नव्हत्या. नियंत्रणकक्षात धूर भरल्यामुळे तो सोडावा लागला. भट्टी तत्काळ बंद केली गेली होती, पण बंद भट्टीतही उष्णता निर्माण होतच राहते आणि ती काढून घ्यायला पंप लागतात. सुमारे सतरा तास केंद्रात वीज नव्हती. कर्मचाऱ्यांनी डिझेलवर चालणाऱ्या आग विझवायच्या पंपांनी बाष्पजनकांत (भट्टीच्या उष्णतेने वाफ तयार करणाऱ्या टाक्यांत) पाणी सोडले, आणि साखळी प्रक्रिया पुन्हा सुरू होऊ नये म्हणून काहीजण हातातल्या बॅटरीच्या उजेडात इमारतीवर चढले व ती प्रक्रिया रोखणाऱ्या बोरॉनच्या झडपा हाताने उघडल्या. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. अठरा वर्षांनी जपानमधल्या फुकुशिमा अणुकेंद्रात जे झाले त्याच्या मुळाशी हीच गोष्ट होती: वीज गेली आणि गाभा थंड ठेवता आला नाही.

मी ही घटना नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगतो, कारण तिच्यात दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. माणसांनी अतुलनीय धैर्य आणि सावधपणा दाखवला. पण केबल वेगवेगळ्या मार्गांनी न्याव्यात हा धडा अमेरिकेतील ब्राउन्स फेरी केंद्राच्या १९७५ च्या आगीने आधीच दिला होता आणि तो अमलात आलेला नव्हता. अणुकेंद्राचा धोका भट्टीच्या आरेखनात जेवढा असतो तेवढाच ‘कोणाला माहीत होते आणि त्याने काय केले’ यात असतो. म्हणूनच नियामकाचे स्वातंत्र्य हा माझ्या मते खर्चाच्याच तोलाचा मुद्दा आहे. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले, पण ते अणुऊर्जा आयोगाला जबाबदार राहिले, आणि आयोगाचे अध्यक्ष म्हणजेच अणुऊर्जा विभागाचे सचिव, ज्यांच्या विभागाखाली भट्ट्या चालवणारे महामंडळही येते. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने २०१२ च्या अहवालात यावर बोट ठेवले. स्वतंत्र प्राधिकरणाचे २०११ चे विधेयक २०१४ मध्ये लोकसभेबरोबर रद्द झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने केलेल्या नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला, ही चांगली गोष्ट आहे. दर्जा मिळाल्यावर ते एखादे अणुकेंद्र सरकारच्या मनाविरुद्ध बंद ठेवू शकते का, यावरून त्याचे स्वातंत्र्य मी जोखीन.

भरपाईच्या बाबतीत मात्र मला तो कायदा काळजीत टाकतो. २०१० च्या कायद्यात अणुकेंद्र चालवणाऱ्याची जबाबदारी १,५०० कोटी रुपयांपर्यंत होती, आणि सदोष माल देणाऱ्या पुरवठादाराकडून ती रक्कम वसूल करण्याचा हक्कही एका कलमाने दिला होता. त्या कलमामागे भोपाळची आठवण होती. परदेशी कंपन्या ज्या कारणांनी वर्षानुवर्षे अडून बसल्या, त्यांत हे कलम मोठे होते. नव्या कायद्याने खासगी कंपन्यांना क्षेत्र खुले केले, जबाबदारीची मर्यादा भट्टीच्या आकारानुसार ठरवली आणि पुरवठादारावरचे ते विशेष कलम काढून टाकले. आता तुलनेसाठी एक आकडा पाहा: फुकुशिमाची स्वच्छता, भरपाई आणि भट्ट्या मोडीत काढणे यांचा जपान सरकारचा २०१६ मधला अंदाज २१.५ लाख कोटी येन होता, म्हणजे तेव्हाच्या भावाने बारा लाख कोटी रुपयांच्या वर. असा अपघात होण्याची शक्यता फार थोडी आहे, हे मी मनापासून मानतो. पण तो झालाच तर कायद्यातली मर्यादा आणि प्रत्यक्ष नुकसान यांमधली सारी दरी सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्या सर्वांच्या खिशातून भरावी लागेल. वीजदराच्या हिशेबात हा भार कुठेच दिसत नाही. आणि ज्याने दोष ठेवला त्याला दंड नसेल, तर दोष शोधण्याची घाईही कमी होते. बांधकामावर काढलेल्या वर्षांनी मला हे शिकवले आहे.

भट्टी बंद झाल्यानंतरच्या खर्चाचेही असेच. ती मोडीत काढण्यासाठी आपल्याकडे युनिटमागे दोन पैसे बाजूला ठेवले जातात. वरच्या ७०० मेगावॅटच्या भट्टीवर हे वर्षाला दहा कोटींपेक्षा किंचित कमी होतात. चाळीस वर्षांचे सुमारे ३९० कोटी, अधिक व्याज. दहा हजार कोटींची किरणोत्सर्गी वास्तू सुरक्षितपणे उतरवायला ते पुरतील की नाही हे व्याजावर आणि भट्टी किती वर्षे चालते यावर अवलंबून आहे, पण ती भट्टी वेळेआधी बंद पडली तर नक्कीच पुरणार नाहीत.

आता आपल्या आजोळाबद्दल. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या गावांतली मिळून ९३८ हेक्टर जमीन प्रकल्पासाठी घेतली गेली. १,६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्यांचा प्रस्ताव आहे. डिसेंबर २०१० मध्ये फ्रेंच कंपनीशी चौकट करार झाला, एप्रिल २०११ मध्ये साखरी नाट्याला आंदोलनावर गोळीबार होऊन एक माणूस गेला, २०२१ मध्ये ईडीएफ या फ्रेंच वीजकंपनीने तांत्रिक आणि व्यापारी प्रस्ताव दिला, आणि एवढ्या वर्षांत दर ठरून बांधकाम सुरू झालेले नाही. जमीन गेली, प्रकल्प आला नाही आणि शेतीही राहिली नाही, हा उशिराचा असा खर्च आहे जो माझ्या कोष्टकात बसत नाही. मच्छीमारांचेही तसेच. अणुभट्टी जेवढी वीज देते त्याच्या जवळपास दुप्पट उष्णता समुद्रात सोडते, आणि किनाऱ्यालगत सुरक्षापट्टा आखला जातो. एका किनारी वीजप्रकल्पाशेजारच्या गावात एका नाखव्याने मला भरपाईची पावती दाखवली होती, आणि मग होडीतला डिझेलचा कॅन दाखवून म्हणाला होता, ‘पैसे एकदा मिळाले, वळसा रोजचा आहे.’ वळशाचे डिझेल हिशेबात धरा, असे मी तेव्हापासून प्रत्येक अहवालात लिहीत आलो.

जनसुनावणीत बोलायची वेळ आली तर ‘प्रकल्प हवा की नको’ याने सुरुवात करू नका, असे माझे सांगणे आहे. आधी विचारा की वीज सुरू होईल त्या वर्षीचा दर करारात लिहिला आहे का, आणि एक वर्ष उशीर झाला तर वाढीव व्याज पुरवठादार भरणार, महामंडळ भरणार की ग्राहक. हेच आरेखन फिनलंडमध्ये २००९ ऐवजी २०२३ मध्ये नियमित उत्पादनाला आले, तेव्हा हा प्रश्न अवाजवी नाही. मग मच्छीमारीच्या नुकसानीची भरपाई एकरकमी आहे की भट्टीच्या आयुष्यभराची, ते विचारा. आणि शेवटी आणीबाणीचा आराखडा मागा. आपल्याकडे भट्टीभोवती १६ किलोमीटरपर्यंत अशी योजना तयार ठेवावी लागते: गावाबाहेर पडायचा रस्ता कोणता, आयोडीनच्या गोळ्या कोणत्या आरोग्यकेंद्रात, रंगीत तालीम किती वर्षांनी. सुट्टीत आजोळी जाल तेव्हा नकाशावर माडबनपासून घरापर्यंतचे अंतर मोजून पाहा. ते १६ किलोमीटरच्या आत असेल तर पावसाळ्यात, खाडीला भरती असताना आणि घाटरस्त्यावर दरड पडलेली असताना त्या गावातून बाहेर पडायला किती वेळ लागतो, हे दोन्ही मामांना एकत्र बसवून विचारा आणि तो आकडा लिहून सुनावणीला न्या. कोणत्याही अहवालापेक्षा तो त्यांना अधिक अचूक माहीत असेल.